आवडत्या लेखिकेचा कंटाळा आलाय, हे कबूल कसं करू?

या वेळचं पत्र एका ५४ वर्षांच्या वाचक मैत्रिणीचं आहे. नाव-गाव अर्थातच देत नाही. पत्र मोठं आहे, म्हणून त्यातला गाभा तेवढा इथे मांडते.

त्या गेली २८ वर्षं एकाच लेखिकेच्या प्रेमकादंबऱ्या वाचत आल्या आहेत. एकही सोडलेली नाही. आई अंथरुणाला खिळली होती ती तीन वर्षं याच कादंबऱ्यांच्या सोबतीने काढली, असं त्या लिहितात. चार मैत्रिणींचा त्यांचा एक गट आहे. नवी कादंबरी आली की चौघी ती वाचतात आणि मग एक अख्खी संध्याकाळ तिच्यावर बोलण्यात घालवतात. गेल्या चार-पाच पुस्तकांपासून मात्र त्यांचं मन लागेनासं झालंय. नायक तोच, श्रीमंत, अबोल, जुन्या विश्वासघाताने कडवट झालेला. नायिकाही तीच, जवळचं कुणी नसलेली, स्वाभिमानी, तरी स्वतःबद्दल सतत साशंक. मध्यावर कुणाचं तरी अर्धवट बोलणं कानावर पडतं, गैरसमज होतो, ताटातूट होते. शेवटी एक अपघात, रुग्णालयातली एक रात्र आणि प्रेमाची कबुली. नव्या कादंबरीच्या मलपृष्ठावर "लेखिकेची आजवरची सर्वांत वेगळी कादंबरी" असं छापलं होतं. यांनी ती आगाऊ पैसे भरून मागवली आणि ११८व्या पानावर मिटली. पुढे काय होणार ते त्यांनी एका मैत्रिणीला फोनवर सांगितलं. मैत्रिणीची कादंबरी वाचून झाली होती. सगळं तस्संच होतं. वर मैत्रीण म्हणाली, "अगं, ती पहिल्यापासून असंच लिहिते. बदललीस तू." घरी लेक म्हणते, "असल्या पुस्तकांकडून अपेक्षाच कशाला ठेवायची?" त्यांनी लेखिकेला चार पानी, बरंच कडक पत्र लिहून ठेवलंय, अजून पाठवलेलं नाही. त्या विचारतात, "माझी फसवणूक झाली असं मला वाटतं, ते चूक आहे का? पत्र पाठवू का? की तिला वाचणंच सोडून देऊ? सोडायच्या विचाराने डोळ्यांत पाणी येतं, आणि एवढ्याशा गोष्टीसाठी रडू यावं याची लाजही वाटते."

प्रिय मैत्रीण,

तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. लाज अजिबात वाटून घेऊ नका. जो आवाज २८ वर्षं तुमच्या सोबत होता तो आता कानात शिरतो, पण मनात उतरत नाही, हे कळल्यावर रडू येणारच. ही एवढीशी गोष्ट नाही. आईच्या उशाशी बसून, तिला झोप लागल्यावर, मंद दिव्यात तुम्ही ज्या कादंबऱ्या वाचल्यात त्यांनी तुमच्यासाठी जे केलं, ते त्या वेळी घरातलं कुणी करू शकलं नसावं, असं तुमचं पत्र वाचताना मला सारखं वाटत राहिलं.

लेकीच्या बोलण्याचाही इथेच विचार करू, कारण "असल्या पुस्तकांकडून" हे शब्द तुम्हाला लागले आहेत. जॅनिस रॅडवे या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९८४ मध्ये प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या बायकांवर एक पुस्तक लिहिलं. कादंबऱ्यांचा अर्थ आपणच लावत बसण्याऐवजी त्यांनी एका गावातल्या वाचक बायकांना गाठलं आणि विचारलं, तुम्ही हे का वाचता? त्या बायकांचं सांगणं साधं होतं. दिवसभर घरातल्या प्रत्येकाचं बघायचं. हातात पुस्तक घेतलं की तेवढा वेळ आपला. रॅडवेंना त्यात आणखी एक गोष्ट दिसली. सगळ्यांची काळजी वाहणाऱ्या बाईला या गोष्टींतून, पानांपुरतं का होईना, आपल्यालाही कुणी जपतंय असं वाटतं. आईच्या आजारपणातली तीन वर्षं आठवून पाहा. लेकीला हे समजावून सांगायचं असेल तर वाद घालू नका, त्या रात्रींबद्दल सांगा. तिला त्या ठाऊक नसतील.

आता फसवणुकीकडे येते. इथे मला तुमच्याशी थोडं भांडायचं आहे.

तुम्ही लिहिलंय, "तिने एकच साचा पकडलाय." साचा हाच गुन्हा, असं तुमच्या पत्रात धरून चाललं आहे. मी बरीच वर्षं एका वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसले आहे. परत आलेल्या प्रेमकादंबऱ्या चाळताना एक गोष्ट नेहमी दिसायची. ठरावीक पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने काढलेल्या बारीक खुणा. कुठे फूल, कुठे त्रिकोण, कुठे नुसतं आद्याक्षर. पुस्तकं खराब होतात म्हणून मला आधी राग यायचा. मग एका वयस्कर बाईंनी समजावलं की नावं आणि मुखपृष्ठं इतकी सारखी असतात की वाचलंय की नाही ते आठवत नाही, म्हणून प्रत्येकीची आपली खूण. मी विचारलं, खूण सापडली की पुस्तक ठेवून देता ना? म्हणाल्या, "छे, कधी कधी खूण बघूनच घेऊन जाते." साचा ठाऊक होता म्हणूनच त्यांना ते पुस्तक हवं होतं. लहान मूल रोज रात्री तीच गोष्ट मागतं आणि एक शब्द जरी बदलला तरी "असं नाहीये!" म्हणून उठून बसतं, त्यातलाच हा आनंद. तुम्हीही त्या २८ वर्षांतली पहिली वीस-बावीस वर्षं याच आनंदासाठी तिच्याकडे जात होतात.

हे प्रेमकादंबरीच्या रक्तातच आहे. लंडनची मिल्स अँड बून ही प्रकाशनसंस्था १९०८ साली निघाली तेव्हा सगळ्या प्रकारची पुस्तकं काढायची. १९३०च्या दशकात तिने प्रेमकादंबऱ्यांवर भर दिला. पैसे घेऊन घरी पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांतून त्या हातोहात फिरत. त्यांची बांधणी तपकिरी असायची, आणि वाचक अनेकदा लेखिकेच्या नावाने न मागता संस्थेच्या नावानेच पुस्तक मागायचे. त्या तपकिरी पुठ्ठ्यात काय मिळणार हे त्यांना पक्कं ठाऊक असायचं. शेवट गोड होणार, हे वचन लेखिकेने वाचकाला आधीच दिलेलं असतं. तुमच्या लेखिकेने ते एकदाही मोडलेलं नाही.

मग तुम्हाला खुपतंय ते काय?

पामेला रेजिस या अमेरिकी अभ्यासिकेने २००३ मध्ये प्रेमकादंबरीचे आठ आवश्यक घटक मांडले. दोघांभोवतीचा समाज, त्यांची भेट, त्यांच्यामधला अडथळा, आकर्षण, प्रेमाची कबुली, आता सगळं संपलं असं वाटण्याचा क्षण, अडथळा दूर करणारा उलगडा, आणि शेवटी एकमेकांना दिलेला शब्द. १७४० साली आलेल्या सॅम्युएल रिचर्डसनच्या 'पामेला' या इंग्रजी कादंबरीपासून आजच्या लोकप्रिय कादंबऱ्यांपर्यंत हे आठही सापडतात, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे पावणेतीनशेहून जास्त वर्षं साचा तोच आहे आणि लोक वाचत आहेत.

पण या आठांत एक जागा अशी आहे जिच्यावर सगळी कादंबरी तोललेली असते. ती म्हणजे अडथळा. भेट गोड असो, आकर्षण उत्कट असो, या दोघांना एकत्र येण्यापासून काय रोखतंय हे खरं वाटलं नाही तर पुढची दोनशे पानं नुसतं दळण होतं. तुमच्या पत्रातली यादी मी पुन्हा वाचली. श्रीमंत नायकाबद्दल तुम्ही एक ओळ लिहिलीत, नायिकेबद्दल एक. अर्धवट कानावर पडलेल्या बोलण्याबद्दल मात्र जवळजवळ पानभर लिहिलंत, आणि तिथे तुमचं अक्षरही दाबून आलंय. म्हणून मला वाटतं, तुम्हाला साचा सलत नाही. अडथळा खोटा झालाय, तो सलतोय.

खरा-खोटा अडथळा ओळखण्यासाठी मी स्वतः एकच प्रश्न विचारते. हे दोघं दहा मिनिटं समोरासमोर बसून मोकळेपणाने बोलले असते, तर कादंबरी तिथेच संपली असती का? उत्तर 'हो' आलं तर तो अडथळा माणसांमधला नाही, लेखिकेच्या सोयीचा आहे. पानं भरायची आहेत म्हणून तिने दोघांचं तोंड बांधून ठेवलंय. खरा अडथळा बोलल्याने सुटत नाही. कधी कधी तर बोलल्यावरच कळतं की तो किती मोठा आहे. एकाला मूल हवंय, दुसऱ्याला नको. एकीने आजारी भावाला सोडून कुठेही जायचं नाही असं ठरवलंय आणि त्याचं काम दूरदेशी आहे. दोघांनी एकमेकांना खरंच दुखावलंय आणि माफी मागूनही ती जखम भरत नाही. इथे बोलण्यापासून गोष्टीला सुरुवात होते.

गैरसमजाचा वापरच वाईट, असंही मी म्हणणार नाही. जेन ऑस्टिनच्या १८१३ सालच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये मोठा गैरसमज आहे. पण नायक डार्सी पत्र लिहून तो दूर करतो तेव्हा कादंबरी जेमतेम निम्मी झालेली असते. उरलेल्या निम्म्या भागात नायिका एलिझाबेथला स्वतःकडे पाहावं लागतं, आपण माणूस ओळखायला किती चुकलो हे पचवावं लागतं. गैरसमज मिटल्यावर तिचं खरं काम सुरू होतं. तुमच्या लेखिकेच्या अलीकडच्या कादंबऱ्यांत गैरसमज मिटला की पुस्तकच मिटतं. कुणालाच काही पचवावं लागत नाही. मधल्या काळात घडलेलं सगळं तो अपघात धुऊन टाकतो.

मैत्रीण म्हणाली, "बदललीस तू." तुम्हाला हे वाक्य आरोपासारखं लागलं. मला ते अर्धं खरं वाटतं, आणि त्या अर्ध्यात तुमचा काही दोष नाही. २६व्या वर्षी अबोल नायकाचं मौन गूढ वाटतं, त्या मौनामागे खोल प्रेम असणार असं आपण गृहीत धरतो. ५४व्या वर्षी, असं मौन घरातल्या कुणाला तरी रोज सोसावं लागतं, हे आपल्याला माहीत झालेलं असतं. कडवट माणूस प्रेमाने विरघळतो यावर विश्वास ठेवायला तेव्हा काहीच लागत नव्हतं. आता तुम्ही विचारता, विरघळला तो नेमका कशाने? हा प्रश्न विचारणारी वाचक लेखिकेनेच २८ वर्षं घडवली आहे. तुमच्यासारखी पक्की वाचक तिला दुसरी कोण मिळणार?

उरलेलं अर्धं कसं तपासायचं, ते सांगते. तिच्या पहिल्या चार-पाच कादंबऱ्यांपैकी एक काढा आणि अलीकडची एक. हातात पेन्सिल घ्या. दोन्ही वाचताना, 'हे दोघं आत्ता का बोलत नाहीत?' असं जिथे जिथे मनात येईल तिथे समासात एक बारीक रेघ मारा. वाचून झाल्यावर रेघा मोजा. जुन्यात दोन-तीन आणि नव्यात पंधरा निघाल्या, तर लेखिका खरंच पाट्या टाकायला लागली आहे. दोन्हीत सारख्याच निघाल्या, तर मैत्रिणीचं म्हणणं खरं, तुम्ही त्या गोष्टींतून मोठ्या होऊन बाहेर पडला आहात. बहुतेक वेळा उत्तर मधलं कुठलं तरी येतं. एका लेखकाला वर्षानुवर्षं वाचून थकलेल्या कुणीही हे करून पाहावं, मग तो रहस्यकथा लिहिणारा असो की ऐतिहासिक कादंबऱ्या.

फक्त एक कळकळीची विनंती. या परीक्षेसाठी आईच्या आजारपणात वाचलेलं पुस्तक घेऊ नका. ती वेगळी काढून ठेवा. त्यांनी तेव्हा त्यांचं काम केलं आहे, आता पेन्सिल घेऊन त्यांच्याकडे हिशेब मागू नये.

आता थोडं लेखिकेच्या बाजूने. तिला माफ करा असं मी म्हणत नाही, पण ते चार पानी पत्र पाठवण्याआधी हे डोळ्यांसमोर असू द्या. लोकप्रिय लेखकाकडून दर वर्षी एक पुस्तक, असा रतीब असतो. मुखपृष्ठ पाहा, तिचं नाव पुस्तकाच्या नावापेक्षा मोठं छापलेलं असेल. विक्रेते नवं पुस्तक किती प्रतींत मागवायचं हे मागच्या पुस्तकाचा खप बघून ठरवतात. वाट बदलून एक कादंबरी पडली, तर पुढच्या करारावर त्याची सावली येते. आणि मुख्य म्हणजे वाचकच तिला धरून ठेवतात. आर्थर कॉनन डॉइलला शेरलॉक होम्सचा इतका कंटाळा आला की १८९३ साली त्याने त्याला कथेतच मारून टाकलं. वाचकांनी पिच्छा सोडला नाही. १९०३ मध्ये त्याला होम्सला जिवंत करावं लागलं. अगाथा ख्रिस्तीला खून आणि गुप्तहेरांपलीकडचं काही लिहायचं होतं, तर तिने १९३० ते १९५६ या काळात मेरी वेस्टमॅकॉट या दुसऱ्या नावाने सहा कादंबऱ्या लिहिल्या. प्रेमकादंबऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेली अमेरिकी लेखिका नोरा रॉबर्ट्स १९९५ पासून गुन्हेकथा जे. डी. रॉब या नावाने लिहिते. पहिल्या नावाला जे वचन चिकटलेलं असतं ते मोडायला मोठमोठे लेखकही कचरतात. तुमची लेखिका आळशी झाली आहे, की अडकली आहे, हे तुम्हाला आणि मला बाहेरून कळणार नाही.

(दुसऱ्या नावाचं निघालंच आहे म्हणून सांगते, तुमच्या लेखिकेनेही असं काही लिहिलंय का ते शोधा. तिला मोकळं वाटतं ती जागा कदाचित तिथे असेल.)

पण ती अडकली आहे म्हणून तुम्ही विकत घेत राहायला हवं, असं मुळीच नाही. सहानुभूती वाटणं वेगळं आणि पैसे मोजणं वेगळं. शिवाय फसवणुकीच्या तुमच्या भावनेत एक भाग अगदी खरा आहे, तो मला झाकायचा नाही. "आजवरची सर्वांत वेगळी" हे मलपृष्ठावरचं वाक्य. तिथे तुम्हाला चुकीचं सांगितलं गेलं. मात्र मलपृष्ठावरचा मजकूर बहुधा प्रकाशक लिहून घेतो, लेखक नाही. तेव्हा ती तक्रार प्रकाशकाकडे करा, दोन ओळींत, नाव-तारखेसह. अशी पत्रं प्रकाशक वाचतात, कारण त्यामागे पुढच्या वेळी पैसे न भरणारा ग्राहक असतो.

लेखिकेला लिहिलेलं पत्र आहे तसं पाठवू नका. त्यातला "तुमच्याकडे आता सांगण्यासारखं काही उरलेलं नाही" हा भाग तुम्ही मला उतरवून पाठवलाय. हे वाक्य कुठल्याही लिहिणाऱ्या माणसाला रात्री झोपू देणार नाही, आणि त्याने तिचं पुढचं पुस्तक सुधारणारही नाही. चार पानांचं एक पान करा. पहिल्या परिच्छेदात तिच्या कुठल्या पुस्तकाने तुम्हाला काय दिलं ते लिहा, आईच्या आजारपणासकट. दुसऱ्यात, कुठल्या पुस्तकात कुठल्या पानापाशी तुमचं मन उठलं आणि का, ते. 'नेहमी', 'प्रत्येक वेळी' हे शब्द काढा, एकच जागा नेमकी दाखवा. बोलले असते तर संपलं असतं, ही तुमची तक्रार तिला कुठल्याही शेलक्या विशेषणापेक्षा जास्त उपयोगाची आहे. पुढचं कथानक सुचवू नका. कितीतरी लेखक वाचकांनी पाठवलेली कथानकं मुद्दामच वाचत नाहीत, उद्या कल्पना चोरल्याचा आरोप व्हायला नको म्हणून. पत्र प्रकाशकाच्या पत्त्यावर पाठवा, तिच्या घरी किंवा खाजगी खात्यावर नको. उत्तर येईल ही आशा धरू नका, आणि एकदाच पाठवा.

कुठे जाहीर अभिप्राय लिहिणार असाल, तर तो लेखिकेसाठी लिहू नका, पुढच्या वाचकासाठी लिहा. यात खूप फरक आहे. तिची तिसावी कादंबरी कुणाची तरी पहिली असते. त्या वाचकाला अर्धवट कानावर पडलेल्या बोलण्याने धक्का बसेल, रुग्णालयातल्या रात्री त्याचे डोळे भरतील. तुम्हाला २६व्या वर्षी झालं तेच त्याला होतंय. त्याला मूर्खात काढणारा अभिप्राय नको. 'त्यांची बरीच पुस्तकं वाचलेल्यांना ओळखीची वळणं लागतील, नव्याने वाचणाऱ्यांना कदाचित आवडेल' एवढं प्रामाणिकपणे लिहिलंत, शेवट न फोडता, तर दोघांनाही न्याय मिळतो.

मैत्रिणींच्या संध्याकाळीची मला जरा काळजी वाटते. आवडतं पुस्तक सोडणं सोपं असतं, पण त्याभोवती जमलेली माणसं दुरावतील ही भीती जास्त जड असते. तुमच्या पत्रात ती ओळींच्या मधून दिसते. पुढच्या वेळी 'कसं होतं?' या प्रश्नाने सुरुवातच करू नका, त्या प्रश्नात दोन तट पडतात. त्याऐवजी एकेकीला विचारा, 'कुठलं पान तू परत मागे जाऊन वाचलंस?' तिला ते पान का हवं होतं हे ऐकलंत तर कदाचित तुम्हाला न दिसलेलं काही सापडेल. नाही सापडलं तरी तिचा आनंद तिच्यापाशी राहील. तुम्ही मात्र खोटं बोलू नका. "मी ११८ पानांवर थांबले, मला पुढे जाववलं नाही" हे सरळ सांगा. इतक्या वर्षांच्या मैत्रीला एवढं सहज पेलेल. आणि एकाआड एक भेटीत प्रत्येकीने वेगळ्या लेखकाचं पुस्तक आणावं, असं सुचवून बघा. माझा अंदाज आहे की गटात हे ऐकायला टपलेली आणखी एक तरी निघेल.

वाचणं सोडू का, या प्रश्नात तुम्ही स्वतःला शपथ घालायला निघाला आहात. कशाला? नॅन्सी पर्ल या अमेरिकी ग्रंथपाल बाईंचा एक नियम मला फार आवडतो. कुठल्याही पुस्तकाला ५० पानं द्यायची, मन लागलं नाही तर निःसंकोच ठेवून द्यायचं. आणि वाचक पन्नाशीच्या पुढचा असेल तर १०० मधून आपलं वय वजा करायचं, उरतील तेवढीच पानं द्यायची, कारण आता वेळ जास्त मोलाचा. तुमच्या हिशेबाने ४६ पानं होतात. तुम्ही ११८ दिलीत, दुपटीहून जास्त. अर्ध्यावर पुस्तक मिटल्याचा अपराधीपणा इथेच सोडून द्या.

आगाऊ पैसे भरणं मात्र थांबवा. पुढची कादंबरी येईल तेव्हा येऊ द्या. मैत्रिणीची वाचून झाली की मागून घ्या, किंवा वाचनालयातून आणा, ४६ पानं वाचा. मन लागलं तर छानच, नाही लागलं तर परत द्या. पाच वर्षं तिच्याकडे पाहिलंही नाहीत तरी चालेल, आणि सहाव्या वर्षी पुन्हा ओढ वाटली तर कुणाची परवानगी लागणार नाही.

मधल्या काळात वाचायचं काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण देवघेवीच्या टेबलावरची सवय जात नाही म्हणून सांगते. ग्रंथपालाकडे 'चांगली प्रेमकादंबरी द्या' असं मागू नका. त्याने तुमच्या हातात पुन्हा तशीच कादंबरी पडेल. तुम्हाला हवा तो अडथळा सांगा. दोघांनीही पन्नाशी ओलांडलेली असावी. किंवा लग्नाला वीस वर्षं झालेली असावीत आणि प्रेम पुन्हा नव्याने शोधावं लागत असावं. किंवा दोघांतल्या एकाने आजारी माणसाचं सगळं केलेलं असावं आणि आता हातांना काम उरलेलं नसावं. या शेवटच्यासारखं काही सापडलं तर ते आधी वाचा, असं मला मनापासून वाटतं. मी टेबलावर असते तर तुमच्यासाठी तेच शोधत फळ्या धुंडाळल्या असत्या.

पेन्सिल घेऊन त्या दोन कादंबऱ्या वाचल्यात की जुनीत पहिली रेघ कितव्या पानावर पडली आणि नव्यात कितव्या, ते मला जरूर कळवा. मी वाट बघते.